८१ वर्षांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलंय, या वयात ऑपरेशन झेपेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ८१ वर्षांच्या आई परवा पहाटे बाथरूमला जाताना पडल्या. एक्स-रेमध्ये उजव्या खुब्याचं हाड मोडलेलं दिसलं. मधुमेह आहे, बीपी आहे, पाच वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय आणि रक्तात गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात, लवकर ऑपरेशन करून टाकू. फिजिशियननी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयाच्या डॉक्टरांचं मत मागितलंय, त्यात दोन दिवस गेले. मामा म्हणतात, या वयात कापाकापी नको, पायाला वजन लावून दीड-दोन महिने झोपवून ठेवा, हाड आपोआप जुळतं. आणि मुलीनं विचारलंय, आईला ऑपरेशन झेपेल का?

मी ठाण्यात चोवीस वर्षं हाडांचा सर्जन म्हणून काम करतोय आणि हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा कुणी विचारत नाही: दीड-दोन महिने पाठीवर पडून राहणं आईंना झेपेल का? या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय होऊ शकत नाही. आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे धोका आणि झोपवून ठेवणं म्हणजे सुरक्षित, असं घरातले गृहीत धरून बसतात. माझा अनुभव याच्या उलट आहे.

आधी एक सांगतो. मी एक्स-रे पाहिलेला नाही, आईंना तपासलेलं नाही. त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा. मी फक्त विचार कसा करायचा ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट, हाड नेमकं कुठे मोडलंय? तुम्ही 'खुब्याचं हाड' एवढंच लिहिलंय. घरी लोक 'कंबर मोडली' म्हणतात, पण मोडलेलं असतं मांडीच्या हाडाचं वरचं टोक. तिथे एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याखाली हाडाची आखूड मान असते आणि मानेखाली रुंद, जाड भाग. फ्रॅक्चर मानेत आहे की मानेखाली, यावर पुढचं सगळं ठरतं.

गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खालून, मानेला चिकटून वर चढतात. मान मोडून सरकली की त्या वाहिन्या तुटतात किंवा पिळल्या जातात. मग गोळा उपाशी राहतो. अशा सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये हाड 'आपोआप जुळेल' म्हणून वाट पाहण्यात काही अर्थ नसतो. दोन महिने काय, सहा महिने झोपवलं तरी ते बहुधा जुळत नाही. तरुण माणसात आम्ही स्क्रू घालून गोळा वाचवायचा प्रयत्न करतो, ऐंशीच्या वयात गोळाच बदलतो.

मानेखालच्या भागात मात्र रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथे मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते हाड साधारण तीन महिन्यांत जुळतं, नुसतं झोपवून ठेवलं तरी. पण पाय आखूड होऊन, बाहेरच्या बाजूला वळून जुळतं. आणि मुख्य अडचण हाडाची नाहीच. तीन महिन्यांनी हाड जुळलेलं असतं, पण माणूस उठायच्या अवस्थेत उरलेला नसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी शिकत होतो तेव्हा वॉर्डात अजूनही खाटेच्या टोकाला कप्पीवरून दोरी सोडून विटा बांधलेल्या असत. म्हातारी माणसं रांगेनं पडलेली. पहिल्या आठवड्यात बोलायची, जेवायला काय आणलंय विचारायची. तिसऱ्या आठवड्यात गप्प व्हायची. पाठीच्या खाली, माकडहाडाजवळ कातडी लाल व्हायची, मग काळी पडायची, मग मूठ जाईल एवढी जखम. टाचांचंही तेच. उताणं पडून खोल श्वास घेता येत नाही, खोकून कफ काढता येत नाही, म्हणून न्यूमोनिया. लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग. पायातल्या शिरांमध्ये गुठळ्या. आणि स्नायू इतक्या भरभर झिजतात की महिन्याभरात मांडी मनगटासारखी दिसते. मृत्यूच्या दाखल्यावर हाडाचं नावही नसायचं, न्यूमोनिया लिहिलेलं असायचं.

आणि या सगळ्याच्या आधी दुखणं. मोडलेला खुबा जोडलेला नसला की दर वेळी डायपर बदलताना, भांडं देताना, कूस वळवताना हाडाची टोकं एकमेकांवर घासतात. दिवसातून आठ-दहा वेळा. त्या भीतीनं म्हाताऱ्या बायका पाणी पिणं बंद करतात, लघवी लागू नये म्हणून. त्यातून किडनीवर ताण, सोडियमची गडबड, भ्रम. ही साखळी मी इतक्या वेळा पाहिली आहे की नातेवाईक जेव्हा म्हणतात 'तिला त्रास नको म्हणून ऑपरेशन नको', तेव्हा मी त्यांना एक दिवस स्वतः डायपर बदलायला सांगतो. या वयातलं खुब्याचं ऑपरेशन सर्वात आधी वेदना थांबवण्यासाठी असतं. चालणं त्यानंतर येतं.

मग मी ऑपरेशन कधी करत नाही? अशी माणसं आहेत. जे आधीच वर्षभर अंथरुणाला खिळलेले आहेत, कुणाला ओळखत नाहीत आणि हलवताना फारसे कळवळत नाहीत. ज्यांचे दुसऱ्या आजारानं शेवटचे दिवस चालू आहेत. नुकताच हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेलाय. क्वचित एखादं मानेचं फ्रॅक्चर एकमेकांत घट्ट रुतून बसलेलं असतं, माणूस त्यावर थोडाफार चालतही असतो. तिथेही मी बहुधा स्क्रू घालतो, पण न घालणंही समजू शकतो. तुम्ही लिहिलंय की आई पडण्याआधी घरात सगळं स्वतः करत होत्या, सकाळचा चहाही त्याच टाकायच्या. मग त्या यातल्या कुठल्याच गटात बसत नाहीत.

आता उशिराबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. दोन दिवस गेलेत.

ब्रिटनमध्ये २०११ पासूनची मार्गदर्शक सूचना अशी आहे की खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. आणखी घाई केली तर आणखी फायदा होतो का, हे १७ देशांतल्या २९७० रुग्णांवर तपासलं गेलं, त्यात भारतातले रुग्णही होते. २०२० मध्ये निकाल आले. साधारण सहा तासांत ऑपरेशन केलेल्यांत आणि साधारण चोवीस तासांत केलेल्यांत मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण लवकर केलेल्यांत भ्रम कमी झाला, लघवीचा संसर्ग कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे तासांवरून घाबरून जायचं कारण नाही. पण त्या अभ्यासातला 'उशिराचा' गटसुद्धा साधारण एका दिवसात टेबलावर गेला होता, हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे चार-पाच दिवस सहज जातात, आणि मी ४८ तासांच्या पुढचा प्रत्येक दिवस तोट्याचा धरतो.

हे मी किंमत मोजून शिकलोय. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. वागळे इस्टेटच्या बाजूचे एक ७६ वर्षांचे आजोबा, निवृत्त कामगार, शुक्रवारी दाखल झाले. इको हवा होता आणि इको करणारे डॉक्टर सोमवारी येणार होते. सोमवारी इको झाला, मंगळवारी हृदयाच्या डॉक्टरांचं मत आलं, बुधवारी ताप आला. छातीत न्यूमोनिया. ऑपरेशन झालंच नाही. त्या इकोच्या रिपोर्टमध्ये असं काहीही नव्हतं की ज्यामुळे आम्ही वेगळं काही केलं असतं. चूक माझी होती. मी रिपोर्टची वाट पाहिली, पण तो रिपोर्ट कशासाठी हवाय हे विचारलं नाही. तेव्हापासून प्रत्येक तपासणीआधी मी स्वतःला आणि फिजिशियनना एकच विचारतो: या रिपोर्टमुळे ऑपरेशन करायचं की नाही हे बदलणार आहे, की फक्त भूल कशी द्यायची ते? बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं. मग तो इको खाटेशेजारी दहा मिनिटांत करून घेता येतो, नाहीतर भूलतज्ज्ञ 'हृदयाची झडप अरुंद असेल' असं धरूनच जपून भूल देतात. हाच प्रश्न तुम्ही उद्या सकाळी राऊंडला विचारा. नम्रपणे, पण विचाराच.

थांबायला खरी कारणंही असतात. हिमोग्लोबिन फार कमी, तर आधी रक्त चढवावं लागतं. सोडियम किंवा पोटॅशियम खूप बिघडलेलं, हृदयाचे ठोके बेफाम, फुप्फुसात पाणी, साखर अगदी हाताबाहेर. ही कारणं असतील तर थांबायचं, पण ती दुरुस्त करण्यासाठी थांबायचं आणि बहुधा एका दिवसात तेवढी दुरुस्ती होते. 'साखर २२० आहे, १४० झाली की घेऊ' हे कारण होत नाही. ती इन्सुलिनवर सांभाळून ऑपरेशन होतं.

क्लोपिडोग्रेलबद्दल. या गोळीचा परिणाम पूर्ण ओसरायला पाच ते सात दिवस लागतात. ती चालू असताना भूलतज्ज्ञ पाठीत सुई देऊन भूल देणं टाळतात, कारण मणक्याच्या पोकळीत रक्त साठून नसा दाबल्या जाण्याची भीती असते. घटना दुर्मिळ, पण झाली तर गंभीर. म्हणून बरेच जण सांगतात, आठवडाभर थांबू. मी थांबत नाही. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करता येतं, रक्त थोडं जास्त जातं, त्याची तयारी ठेवायची. 'पूर्ण भूल म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही' हा समज फार खोल रुजलाय. अमेरिका आणि कॅनडातल्या १६०० रुग्णांवर पाठीतली भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि साठ दिवसांनंतरच्या मृत्यूंत किंवा चालण्यात फरक सापडला नाही. स्टेंटची गोळी बंद करायची की चालू ठेवायची हे मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घरच्या घरी बंद करू नका. हे मत फोनवर पाच मिनिटांत मिळतं, त्यासाठी त्यांच्या ओपीडीच्या वाराची वाट पाहायची गरज नाही.

ऑपरेशन होईपर्यंत काय करायचं, तेही सांगतो, कारण हे तास फुकट जातात. पायाला वजन लावल्यानं या फ्रॅक्चरमध्ये दुखणं कमी होतं किंवा पुढचं ऑपरेशन सोपं होतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आईंच्या पायाला वजन लावलं असेल आणि ते खुपत असेल तर काढता येईल का, असं विचारा. गुडघ्याखाली आणि बाजूला उश्या देऊन पाय आधारावर ठेवला की बरं वाटतं. टाच गादीला टेकू देऊ नका. पोटरीखाली टॉवेलची घडी ठेवून ती अधांतरी ठेवा. जांघेजवळ एक सुन्न करणारं इंजेक्शन देता येतं, त्यानं खुबा बऱ्यापैकी बधिर होतो. भूलतज्ज्ञांना त्याबद्दल विचारा, ते विचारल्यावर आनंदानं देतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल नियमित वेळेवर. डायक्लोफिनॅकसारखी इंजेक्शनं ८१ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या किडनीला मी देत नाही.

आणि पाणी. ऑपरेशन 'आज बहुतेक होईल' म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्रीपासून उपाशी ठेवतात, दुपारी चारला कळतं की उद्या आहे, मग पुन्हा रात्रीपासून उपाशी. साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत. डॉक्टरांनी वेगळं कारण देऊन मनाई केली नसेल, तर नक्की वेळ विचारा आणि तोवर आईंना घोट-घोट पाणी देत राहा.

कुठलं ऑपरेशन, यावर मी फार लिहिणार नाही. मानेखाली मोडलं असेल तर हाडाच्या पोकळीत रॉड घालून वरच्या गोळ्यापर्यंत स्क्रू नेतात. तासाभराचं काम, लहान छेद. मान मोडली असेल तर गोळा बदलतात. ८१ व्या वर्षी घरातल्या घरात वावरणाऱ्या बाईला वाटीसकट पूर्ण सांधा बदलायची सहसा गरज नसते, नुसता गोळा पुरतो. ठिसूळ हाडात मी तो सिमेंट वापरून बसवतो. २०२२ मधल्या ब्रिटिश अभ्यासातही सिमेंटवाल्यांचं पुढचं जगणं थोडं अधिक बरं होतं आणि सांध्याभोवती पुन्हा हाड तडकण्याचं प्रमाण कमी होतं. सिमेंट भरताना काही क्षण बीपी खाली येऊ शकतो, म्हणून त्या वेळी भूलतज्ज्ञ डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. परदेशी की भारतीय सांधा, यावर घरात वाद घालून एक दिवसही घालवू नका. या वयात त्यानं फरक पडत नाही. तो कोण बसवतंय आणि तिसऱ्या दिवशी आईंना कोण चालवतंय, यानं पडतो.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मामांच्या बोलण्यामागे कधीकधी तेही असतं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधारवर वय वंदना कार्ड निघतं. तुमचं रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन तिथे योजनेतून होतं का, हे आजच बिलिंगच्या खिडकीवर विचारा. नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईत सायन, केईएम आहेतच. फक्त, हलवायचं ठरलं तर आज हलवा, चार दिवसांनी नाही.

आता अवघड आकडा. तो लपवून ठेवला तर तुम्हाला मी अर्धवट सल्ला दिला असं होईल. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी, चांगलं ऑपरेशन होऊनही, साधारण चार-पाच जणांतला एक जण वर्षभरात जातो. जे राहतात त्यांच्यातले निम्मे पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. आधी काठीशिवाय चालणाऱ्याला काठी लागते, काठीवाल्याला वॉकर. ऑपरेशनच्या टेबलावर काही होण्याची शक्यता त्या मानानं फार थोडी असते. मोठा धोका पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत असतो, कारण पडणं हेच मुळात शरीर थकल्याचं लक्षण असतं. मामांना हे सगळं सांगा. त्यांची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या जागी रोखलेली आहे. त्यांच्या पिढीनं खुबा मोडलेली माणसं वजन लावून पडलेली पाहिली, ती गेलेली पाहिली, आणि निष्कर्ष काढला की या वयात काही करण्यात अर्थ नाही. मी त्यांच्याशी फोनवर बोललो असतो तर एवढंच विचारलं असतं: मामा, त्या झोपवलेल्यांपैकी किती जण पुन्हा स्वयंपाकघरात गेले?

एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नात सापडली नाही. डॉक्टर काय म्हणतात ते आहे, मामा काय म्हणतात ते आहे. आई काय म्हणतात ते कुठेच नाही. त्या शुद्धीवर आहेत, बोलताहेत, परवापर्यंत स्वतःचा चहा स्वतः करत होत्या. मग त्यांना विचारा. खुर्ची ओढून जवळ बसा आणि साध्या शब्दांत सांगा: हाड मोडलंय, जोडलं तर दुखणं कमी होईल आणि उद्या-परवा बसता येईल, धोका आहे, न जोडल्यास अंथरुणावर राहावं लागेल. माझा अनुभव सांगतो, म्हातारी माणसं घरच्यांपेक्षा कमी घाबरतात. त्यांना मरणापेक्षा दुसऱ्याच्या हातानं शी-शू करून घेण्याची भीती जास्त असते. मागच्या पावसाळ्यात कोपरीच्या एका आजींना दोन्ही मुलगे पाच दिवस 'मुरगळलंय' म्हणून सांगत होते. मी खरं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग वेळ कशाला घालवताय?" सही त्यांनी स्वतः केली.

ऑपरेशननंतरचं थोडं. दुसऱ्या दिवशी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं आणि शक्य तर वॉकर धरून उभं करायचं, पूर्ण वजन टाकून. 'हाड भरेपर्यंत पाय टेकू नका' असं कुणी सांगितलं तर कारण विचारा. कधी खरं कारण असतं, कधी नुसती जुनी सवय. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आई भ्रमिष्टासारखं बोलू शकतात, तुमच्या वडिलांना हाका मारतील, सलाईन ओढतील. घाबरू नका, 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणू नका आणि हात बांधू देऊ नका. चष्मा लावा, कानाचं यंत्र असेल तर घाला, दिवसा खिडकीचा पडदा उघडा आणि रात्री ओळखीचं माणूस जवळ बसवा. आया पुरवणाऱ्या ब्यूरोतून आणलेल्या नवीन मावशींना त्या ओळखत नसतात, म्हणून निदान पहिल्या तीन रात्री घरचंच कुणी असावं. बहुतेकांचं हे काही दिवसांत निवळतं.

जेवणात पेज आणि मऊ भात यावर भागत नाही. पन्नास किलोच्या बाईला या दिवसांत रोज साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. दोन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या घट्ट वरण, पनीर किंवा मासे असं दिवसभर वाटून द्या. किडनीचे रिपोर्ट बिघडलेले असतील तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळा बदलला असेल तर निदान पहिले तीन महिने जमिनीवर बसणं, मांडी घालणं आणि भारतीय संडास बंद. कमोडवर बसवायची उंच सीट मिळते, ती आधीच आणून ठेवा.

तुमचा तिसरा मजला ही खरी अडचण आहे आणि ती डिस्चार्जच्या दिवशी आठवून उपयोग नाही. लिफ्ट असलेल्या किंवा तळमजल्यावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे पहिला दीड महिना राहता आलं तर उत्तम. नसेल तर इमारतीतल्या दोन दणकट मुलांना सांगून मजबूत खुर्चीतून वर न्या आणि मग फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. जिने शिकताना एवढंच ध्यानात ठेवायचं की चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

आणखी दोन कामं, जी बहुतेक घरांत राहून जातात. एक, आई पडल्या का, हे शोधा. पहाटे पडणाऱ्यांत मला वारंवार सापडणाऱ्या गोष्टी: बीपीच्या गोळीमुळे कमी झालेलं सोडियम, लघवीचा संसर्ग, उठल्या-उठल्या बीपी खाली जाणं, झोपेची गोळी, पिकलेला मोतीबिंदू. सोडियमचा रिपोर्ट तर बहुधा आत्ताच फाइलमध्ये असेल, पाहा.

दोन, हाडांचा ठिसूळपणा. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडतो म्हणजे हाड आधीच पोकळ झालेलं आहे. पूर्वी कधी मनगट मोडलं होतं का? मणका दबून उंची कमी झाली होती का? बऱ्याच जणींचं मोडलेलं असतं, प्लॅस्टर घातलं जातं आणि हाडाच्या औषधाचं कुणी नाव काढत नाही. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं ५ मिलिग्रॅमचं झोलेड्रॉनिक अॅसिड आहे. २००७ च्या मोठ्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत ते सुरू केलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते. मी ते ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे थांबून, ड जीवनसत्त्व भरून काढल्यावर आणि किडनी तपासून देतो. किडनी साथ देत नसेल तर दुसरी औषधं आहेत. टाके काढायला जाल त्या दिवशी ही गोष्ट तुम्ही स्वतः काढा. त्या गर्दीत डॉक्टर विसरू शकतात.

आई रुग्णालयात असतानाच भावाला घरी पाठवा. बाथरूमच्या भिंतीत ड्रिल करून दांडा बसवायचा आहे (रबरी चकतीनं चिकटवायचा नको, तो ऐन वेळी सुटतो), खाट ते बाथरूम या वाटेवरची सतरंजी उचलायची आहे आणि रात्रभर चालू राहील असा एक छोटा दिवा लावायचा आहे. एक्स-रेचा फोटो आणि सोडियम, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांचे आकडे इथे टाकलेत तर फ्रॅक्चर मानेत आहे की खाली, एवढं मी आज रात्रीच सांगू शकेन. आईंचं नाव तेवढं झाकून टाका.